ट्रेलरच्या ब्रेकची हवा

"धर!" ट्रेलरखालून मामंजी ओरडले.

मी पेडल दाबलं. ते आणखी खाली जाईना, तेव्हा उजवा हात हलवून बांगड्या वाजवल्या.

खाली पाना फिरला. करवंटीत तेलाची चिळकांडी उडाल्याचा आवाज आला आणि माझ्या पायाखालचं पेडल हळूहळू बसत गेलं. पाना उलटा फिरला.

"सोड!"

मी पाय उचलला.

"धर!"

पुन्हा पेडल, पुन्हा बांगड्या.

घाटाच्या माथ्यावर सारजाक्काच्या चहाच्या खोपटाशेजारी आमचं हे काम सकाळपासून चाललं होतं. सारजाक्का चुलीपुढून उठून आली, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिली आणि मग वाकून ट्रेलरखाली म्हणाली, "पाव्हणं, सून मुकी हाय व्हय तुमची?"

"न्हाई."

"मग बोलंना ती?"

"आमच्यात सासऱ्याम्होरं बोलत न्हाईत."

"आन् तुमी?"

"आमीबी बोलत न्हाई."

"आत्ता तर वरडत हुता की. धर, सोड."

"ते कामाला वरडतोय. तिला न्हाई," मामंजी म्हणाले. "चुलीकडं बघा आक्का, दूध उतू जाईल."

मी पदर ओढून हसू लपवलं. माझ्या लग्नाला पाच वर्षं होत आली होती. एवढ्या काळात मामंजींनी माझा आवाज ऐकला असेल तो भिंतीपलीकडून, किंवा पोराला ओरडताना. त्यांना काही सांगायचं असलं तर आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगायचं. आत्याबाई नसल्या तर यांना. कुणीच नसलं तर गप्प बसायचं. बांगड्यांची युक्ती मामंजींचीच. त्यांनी ती मला यांच्याकरवी कळवली होती: पेडल पुरतं दाबलं की वाजव म्हणावं.

आमचा धंदा आकाशपाळण्याचा. जत्रेमागून जत्रा करत फिरायचं. मामंजी जातीचे सुतार. पाळण्याचं लाकूडकाम त्यांच्या हातचं. मधला खांब म्हणजे मेढ, आडवे दांडे, बसायचे पेटारे, लोखंडी आस, सगळं मिळून ओझं एवढं होई की एका जुन्या ट्रकमध्ये मावत नसे. म्हणून मामंजींनी एक चारचाकी ट्रेलर बांधला होता. मागचा आख मोडीतल्या गाडीचा, तेलाच्या ब्रेकसकट. पण ट्रेलरचा ब्रेक ट्रकमधून लावायची सोय नव्हती. त्यासाठी ट्रेलरच्या तोंडाशी एक फळी ठोकली होती आणि फळीपुढे पेडल बसवलं होतं. घाट उतरताना फळीवर एकानं बसायचं. ट्रकचा भोंगा एकदा वाजला की दाबायचं, दोनदा वाजला की सोडायचं. माल भरलेला तो ट्रेलर उतारावर न धरता सोडला तर ट्रकलाच पुढं लोटत नेई.

फळीवर नेहमी माझे धाकटे दीर बसत. पण त्या वर्षी घाटाखालच्या देवीच्या जत्रेत जागेवरून कुरबूर होती, म्हणून ते आत्याबाईंना आणि माझ्या पोराला घेऊन आदल्या दिवशी एसटीनं पुढं गेले होते. तिथला रिवाज असा, की दिवेलागणीच्या आत ज्याची मेढ उभी राहील त्याची जागा. कऱ्हाडचा एक पाळणेवाला आमच्या जागेवर डोळा ठेवून होता आणि आमची मेढ ट्रेलरवर आडवी होती. ती जत्रा हुकली असती तर पावसाळ्याआधी दुसरी मोठी जत्रा नव्हती.

वाटेत ट्रेलरच्या मागच्या उजव्या चाकातून तेल गळायला लागलं. यांनी रबरी वॉशर बदलला. पण एकदा नळी उघडली की तेलात हवा शिरते, आणि हवा राहिली तर पेडल दाबूनही जोर चाकापर्यंत पोचत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा हवेचा स्क्रू उघडून तेलाबरोबर हवा जाऊ द्यायची आणि पेडल तळाला जायच्या आत स्क्रू आवळायचा. मगच पाय उचलायचा. हे रेडिएटरला पाणी आणायला झऱ्यावर गेले होते. म्हणून स्क्रूपाशी मामंजी आणि पेडलवर मी.

डावं चाक झालं. उजवं होत आलं होतं. करवंटीत आता बुडबुडे येत नव्हते, हे मामंजींच्या आवाजातल्या समाधानावरून कळत होतं.

"धर! आता ही शेवटची."

मी दाबलं. बांगड्या वाजवल्या. पाना फिरला, तेल उडालं. आणि माझा पाय सटकला.

पेडलवर तेल सांडलेलं होतं, मी अनवाणी होते. पेडल झटक्यात वर आलं आणि खालून सुर्र असा आवाज आला, कुणी गरम चहाचा घोट ओढावा तसा. स्क्रू अजून उघडा होता. हवा आत गेली होती.

मी घाईनं बांगड्या वाजवल्या. एकदा, दोनदा, तीनदा.

"व्हय व्हय, कळलं," मामंजी म्हणाले आणि त्यांनी स्क्रू घट्ट आवळला. "झालं काम. सोड."

ते धोतर झटकत बाहेर आले. कपाळाला तेलाचा पट्टा लागला होता. मी फळीवर तशीच बसून राहिले, हात वर धरलेला. वाजवून वाजवून सांगायचं तरी काय? त्या बांगड्यांना एकच गोष्ट सांगता येत होती आणि नेमकी तीच खोटी होती.

मी पेडल दाबून बघितलं. मघापर्यंत ते अर्ध्यावर जाऊन घट्ट थांबत होतं. आता ओल्या गोधडीवर पाय द्यावा तसं आत आत जात होतं.

मी खाली उतरले आणि खोपटात गेले. सारजाक्काच्या कानाशी लागून म्हटलं, "आक्का, त्यांना सांगा. स्क्रू उघडा असताना माझा पाय वर आला. हवा आत गेलीय. पुन्हा काढायला लागेल."

"अगं बया, बोलतीस की छान!" ती म्हणाली आणि दारातूनच ओरडली, "पाव्हणं, सून म्हणतीया तिचा पाय सुटला. हवा आत गेली. परत काढा."

मामंजी हात पुसत होते. ते खोपटाकडे न बघता म्हणाले, "तिला सांगा, बांगड्या वाजल्या तवा मी स्क्रू आवळला."

सारजाक्का माझ्याकडे वळली. "ते म्हणत्यात..."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, त्या बांगड्या धरलं म्हणून नव्हत्या. सुटलं म्हणून होत्या."

"ती म्हणती..."

"ऐकलं मीबी," मामंजी म्हणाले. "तिला सांगा, चाक उचलून दाखवतो."

"अरं द्येवा," सारजाक्का म्हणाली. "मधी मी कशाला पायजे तुमाला? आं?"

मामंजींनी जॅक लावून उजवं चाक जमिनीवरून उचललं. हातानं जोरात फिरवलं. "धर!"

मी फळीवर जाऊन दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं.

"झालं?" ते सारजाक्काला म्हणाले.

सारजाक्कानं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्याकरवी समजावता येण्याजोगं नव्हतं. हवेत उचललेलं रिकामं चाक कितीसा जोर मागतं? त्याला पोरानं हात लावला तरी ते थांबेल. जमिनीवर, एवढं ओझं डोक्यावर घेऊन उतारावर सुटलेलं चाक ही वेगळीच गोष्ट होती.

तेवढ्यात हे पाण्याचे डबे घेऊन आले. मी त्यांना ट्रकच्या पलीकडच्या बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं.

"आबांनी चाक फिरवून बघितलं ना?"

"रिकामं चाक बघितलं."

"मग थांबलं ना?"

"अहो, मी काय सांगतेय? पेडल तळाला जातंय. तुम्ही दाबून बघा."

यांनी येऊन दाबून बघितलं. एकदा दाबलं, मग पटापट दोन-तीनदा दाबलं. दोन-तीनदा दाबलं की ते पेडल जरा वर यायचं.

"येतंय की वर."

"घाटात दोन-तीनदा दाबायला वेळ मिळणार आहे का मला?"

मामंजी पलीकडे दोरखंड आवळत होते. यांनी एकदा तिकडे बघितलं, एकदा उन्हाकडे. "आबांनी स्वतः हवा काढलीय. त्यांना मी जाऊन काय सांगू, की तुमचं काम चुकलं? कुणी सांगितलं म्हणू? तुझ्या पायानं?"

"हो. माझ्या पायानं."

"जरा हळू बोल."

"हळूच बोलतेय. पाच वर्षं हळूच बोलतेय."

"हे बघ, मी पहिल्या गिअरमध्ये उतरवतो. सावकाश. तुला फार दाबावं लागायचं नाही." आणि हे बोनेट उघडून पाणी ओतायला गेले. अर्धं पाणी बाहेरच सांडलं. त्यांना पटलं होतं हे मला तेव्हाच कळलं आणि म्हणून जास्त राग आला.

इंजिन सुरू झालं. मामंजी केबिनच्या पायरीवर चढले. मी फळीवर बसले होते. समोर ट्रकचं मागचं फळकूट, त्यावर रंगवलेलं कमळ. माझ्या पाठीशी मेढ, पेटारे, आस. काही झालं असतं तर मी त्या दोघांच्या मधे होते. मी पेडल दाबलं. ते खाली, खाली, खाली गेलं आणि लाकडाला टेकलं.

मला पोराची आठवण झाली असं सांगितलं तर शोभून दिसेल. पण खरं सांगायचं तर मला त्या कमळाचाच संताप आला. मी फळीवरून उतरले, मागच्या चाकाखालून काढून रस्त्याकडेला टाकलेला लाकडी ठोकळा उचलला आणि ट्रेलरच्या पुढच्या चाकापुढं ठोकून बसवला.

ट्रकनं हिसका दिला, गुरगुरला आणि बंद पडला.

मामंजी उतरून मागे आले. "ठोकळा कुणी काढला न्हाई?" मग त्यांनी नीट बघितलं. तो मघाशी मागच्या चाकाला होता. आता पुढच्या चाकाला होता. "ठोकळा कुणी लावला?"

"मी लावला, मामंजी."

सारजाक्काच्या हातातल्या पळीचा आवाज थांबला. हे दार उघडून एक पाय खाली टाकून तसेच राहिले.

मामंजी माझ्याकडे बघत नव्हते. ट्रेलरच्या चाकाकडे बघत होते. मान, कान सगळे लाल झाले होते. ते यांना म्हणाले, "तिला सांग..."

"त्यांना सांगू नका," मी म्हटलं. आवाज असा फाटका निघाला, की माझा मलाच ओळखू येईना. "मला सांगा. पाय माझा आहे. त्यांना काय ठाऊक?"

"अगं," हे म्हणाले.

"तुम्ही थांबा." मी पदर सावरला, पण मान खाली घातली नाही. "मामंजी, तुम्ही हवा बरोबर काढली होती. शेवटच्या वेळी माझा पाय तेलावरून सटकला. स्क्रू उघडा होता. हवा आत गेल्याचा आवाज मी ऐकला. मी बांगड्या वाजवल्या, पण तुम्हाला वाटलं धरलंय. चूक तुमची नाही, माझीही नाही. पण ब्रेकमध्ये हवा आहे आणि मी ह्या फळीवर बसून घाट उतरणार नाही. दुसरं कुणी बसणार असेल तर त्यालाही बसू देणार नाही."

खाली दरीतून वारा वर येत होता आणि ट्रेलरवरची ताडपत्री फडफडत होती.

"इथनं त्या कठड्यापर्यंत उतार हाय," मामंजी शेवटी म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, पण नजर रस्त्यावर होती. खोपटापुढून रस्ता थोडा उतरून वळत होता. वळणावर कमरेएवढा दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसतं आभाळ. "गाडी न्यूट्रलला टाक. तुझ्या ब्रेकवर पाय ठेवायचा न्हाई. ट्रेलरच्या ब्रेकवर गाडी थांबली तर घाट उतरायचा. न थांबली तर..." त्यांनी ठोकळा उचलून काखेत धरला. "मी हात केला तरच पाय लावायचा. समजलं?"

"आबा, कठडा जवळ आहे," हे म्हणाले.

"दिसतंय मला."

मी फळीवर बसले. मामंजी ट्रेलरच्या चाकाच्या कडेनं चालायला लागले. ट्रक आपोआप हलला. प्रथम इतका सावकाश, की मुंगीही बाजूला झाली असती. मग चाकांनी उतार पकडला.

"धर!" मामंजी म्हणाले.

"धरलंय!"

ट्रेलर चालतच होता.

"धर!"

"धरलंय, मामंजी! तळाला गेलंय!"

मी पाय उचलून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. ड्रममधून कुरकुर आली, पण वेग कमी होईना. मामंजी आता चालत नव्हते, पळत होते. म्हाताऱ्या माणसाचं धोतर पायात येत होतं. कठड्याचे दगड मला वेगवेगळे दिसायला लागले. एकावर कुणीतरी चुन्यानं बाण काढला होता.

"मामंजी, ठोकळा! ठोकळा टाका!"

त्यांनी हात वर केला आणि त्याच हातानं ठोकळा चाकापुढं फेकला. चाक ठोकळ्यावर चढलं, ट्रेलर एका अंगाला कलला, वरचे पेटारे करकरले. पुढं यांनी ट्रकचा ब्रेक दाबला. आम्ही थांबलो. ट्रकच्या नाकापासून कठड्यापर्यंत एखादा बैल आडवा उभा राहिला असता, एवढीच जागा उरली होती.

सारजाक्का पदर तोंडाला लावून धावत आली होती. हे स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते.

मामंजी चाकाला टेकून उभे होते. धाप लागली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ तोंडाकडे. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"पायाला राख लाव," ते म्हणाले. "म्हंजे सटकायचा न्हाई."

सारजाक्कानंच चुलीतली राख आणून दिली. मामंजी पुन्हा ट्रेलरखाली गेले आणि आम्ही दोन्ही चाकं पहिल्यापासून घेतली. या वेळी मी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या.

"धर!"

"धरलंय!"

पाना फिरला.

"किती ग्येलं?"

"अर्ध्यावर आलंय. अजून जातंय."

"आता?"

"थांबा... आवळा, मामंजी!"

"आवळलं. सोड."

"सोडलं."

करवंटी भरली की हे ती ओतून येत. आमच्या दोघांच्या मधे ते कुठंच नव्हते. पायाखाली पेडल घट्ट झालं तेव्हा मी आपण होऊन म्हटलं, "आता दगडासारखं लागतंय." मामंजी खालून म्हणाले, "दिसतंय. तेलाची धार अखंड हाय." आम्ही ट्रक मागे घेऊन उताराची परीक्षा पुन्हा घेतली. "धर" म्हणताच ट्रेलर असा थांबला, की ट्रकलाच मागे हिसका बसला. सारजाक्कानं टाळी वाजवली आणि सगळ्यांना फुकट चहा दिला. मामंजी बशीत ओतून चहा प्यायले आणि बशी खाली ठेवता ठेवता यांना म्हणाले, "तू चल म्होरं. मी मागं बसतो."

"मागं कुठं, आबा?"

"फळीवर."

"मी आहे ना फळीवर," मी म्हटलं.

"तू दाब. मी बसतो."

पाळणा उभारला की जत्रेच्या देखत पहिली फेरी मामंजी स्वतः मारत, एकटे, रिकाम्या पाळण्यात. लोकांना त्याशिवाय विश्वास बसत नसे. ते फळीवर माझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा मला वाटलं, हेही तसंच काहीतरी. मी अंग चोरून एका कडेला सरकले. त्यांनी दरीकडं पाठ केली आणि डोंगराकडं तोंड करून, दोरखंड दोन्ही हातांनी घट्ट धरला.

पहिलं वळण आलं. भोंगा वाजला. मी दाबलं. ट्रेलर धरला गेला. दोनदा भोंगा. सोडलं.

दुसऱ्या वळणावर रस्ता इतका उतरता होता की मला ट्रकच्या टपावरून खालची गावं दिसली. मी फळीची कड घट्ट धरली. भोंगा वाजला, मी दाबलं, पेडल अर्ध्यावर घट्ट राहिलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"म्हायेरी तुला काय म्हणायचे?"

मला वाटलं मला भास झाला.

"इथं आल्यावर नाव बदललं. आधीचं काय हुतं?"

"बकुळा," मी म्हटलं.

"बकुळा," ते म्हणाले. "चांगलं हुतं की. कशाला बदललं?" मग स्वतःच म्हणाले, "मीच बदललं."

भोंगा. मी दाबलं.

आणि मग मामंजी बोलत सुटले. त्या वळणापासून ते घाटाच्या पायथ्यापर्यंत. मी आयुष्यात एवढं बोलणारा माणूस बघितला नाही. बापाशी भांडून ते घरातून कसे पळाले, वाईच्या जत्रेत पहिला पाळणा कसा बघितला, त्याच्या सांध्यांचं माप चोरून वितीनं कसं घेतलं. त्यांची एक बहीण होती, ती लहानपणी गेली, तिला चिंचा आवडायच्या. आत्याबाईंना बघायला गेले तेव्हा त्यांनी चुकून धाकट्या बहिणीला पसंत केलं होतं. मी भोंग्याकडे कान ठेवून दाबत होते, सोडत होते, आणि मधे मधे हसत होते. एका भयंकर वळणावर त्यांनी डोळे मिटून घेतलेले मी बघितले.

"मामंजी, बरं वाटत नाही का?"

"बरं हाय. उंचीचं भ्या वाटतं."

"तुम्हाला?"

"ल्हानपनापास्नं."

"मग पाळण्याची पहिली फेरी?"

"डोळं मिटून मारतो. वर ग्येल्यावर कुणाला दिसतंय?" भोंगा वाजला, मी दाबलं. "आजवर कुणाला सांगितलं न्हाई. घरात कुणाला सांगायचं? बायकोला सांगितलं तर हसंल. पोरं धंदा सोडतील. सून..." ते थांबले. "सुनंला सांगता येत नव्हतं."

शेवटच्या वळणाला कलिंगडाच्या वाड्या दिसायला लागल्या, हवा दमट झाली. हे ट्रक थांबवून धावत मागे आले. मामंजी लगेच फळीवरून उतरले. मी पदर पुढं ओढला.

यांनी वाकून दोन्ही ड्रमना हात लावून बघितला. चटका बसून हात झटकला. "दोन्हीकडं सारखं तापलंय, आबा. बरोबर धरत होता." मग आम्हा दोघांकडे बघून म्हणाले, "मागून बोलण्याचा आवाज येत होता. काय झालं होतं?"

"काय न्हाई," मामंजी म्हणाले आणि केबिनकडे गेले.

ऊन असतानाच आमची मेढ उभी राहिली. कऱ्हाडवाला तंबाखू चोळत बघत उभा होता. आत्याबाईंच्या समोर मी पुन्हा गप्प झाले आणि मामंजी पुन्हा भिंतीशी बोलायला लागले. सारजाक्काच्या खोपटातली गोष्ट यांनीही कधी घरात काढली नाही. पाळणा उभा राहिला, मामंजींनी पहिली फेरी मारली. खालून सगळ्यांबरोबर मीही वर बघत होते.

त्यानंतर फळीवर बसायचं काम माझंच झालं. आणि घाट आला की मामंजी केबिन सोडून माझ्या शेजारी येऊन बसत. बघणाऱ्यांना वाटे, म्हाताऱ्याचा सुनेवर भरवसा नाही, राखण करायला बसतो. आत्याबाईंनी मला एकदा तसं टोचूनही दाखवलं. घाटाच्या खाली आम्ही एक शब्द बोलायचो नाही. घाटात मात्र त्यांचं सगळं आयुष्य मी तुकड्या-तुकड्यानं ऐकलं.

ते जायच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. त्या हिवाळ्यात दोन जत्रा एकाच वेळी आल्या होत्या. एक सांगलीकडं, सपाटीवर, रस्ता चांगला, गर्दी दुप्पट. दुसरी दोन घाट उतरून कोकणात, लहानशी. सगळे सांगलीची बोलत होते. मामंजी म्हणाले, कोकणातली घ्यायची.

"का पण?" धाकटे भावजी म्हणाले. "तिथं काय मिळतंय?"

मामंजींनी विषय संपला, असा हात हलवला आणि बाहेर गेले.

"ह्या माणसाला घाटाचं एवढं काय याड लागलंय, कळत न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "गाडी थकली, स्वतः थकलं, तरी घाट पायजे."

मी चुलीपुढं होते. काटवटीतलं पीठ मळून झालं होतं. मी तव्यावर पहिली भाकरी टाकली आणि जाळ जरा मागे ओढला.